रापणीच्या चित्रात एकच माणूस दोनदा

"मॅडम, ह्या चित्रात एकच माणूस दोनदा आहे," निखिल व्हिडिओ कॉलवर म्हणाला. "आणि एक बाईसुद्धा. आता बोला."

मी स्क्रीनवर चित्र मोठं करून बघत होते. समुद्र, ओली वाळू आणि दोन रांगांत दोर ओढणारी माणसं. डावीकडच्या रांगेत सगळ्यात मागे हिरव्या चौकड्यांचा शर्ट घातलेला, पोट सुटलेला एक माणूस. त्याच रांगेत पाण्याच्या अगदी कडेला तोच शर्ट, तेच पोट, तीच मिशी. पिवळ्या लुगड्यातली बाईसुद्धा अशीच दोन ठिकाणी. शिवाय मधूनच एक जण हात मोकळे सोडून, सगळे सरकत होते त्याच्या उलट दिशेला, बाजारात निघाल्यासारखा चालला होता.

"क्लासिक केस," निखिल म्हणाला. "रिजेक्ट करून टाका."

निखिल माझा बॉस. पुण्यात बसतो, माझ्या मुलीपेक्षा लहान आहे आणि दिवसातून निदान एकदा 'क्लासिक' म्हणतो. आमची वेबसाइट चित्रकारांची चित्रं थेट लोकांना विकते. माझं काम रिव्ह्यूअरचं. म्हणजे आलेलं चित्र माणसाने काढलंय की एआयने, हे ठरवायचं. त्याआधी मी कोल्हापूरच्या एका छापखान्यात प्रीप्रेसला होते. छापायला जाण्याआधी चित्राचे रंग जिथे तपासतात, ते खातं. आयुष्य चित्रांतल्या चुका शोधण्यात गेलं. आता कुडाळला घरी बसून तेच करते, फक्त चहा स्वतःला करावा लागतो.

एआय म्हणजे जगातली चित्रं पचवून त्यांच्यासारखं नवं चित्र काढून देणारं मशीन. ते एकटा माणूस छान काढतं. गर्दी आली की मात्र कंटाळलेल्या विद्यार्थ्यासारखं तोच चेहरा परत चिकटवून मोकळं होतं. सुरुवातीला आम्ही बोटांवरून पकडायचो. सहा बोटं, अंगठ्याला अंगठा. मग बोटं सुधारली. दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरं बघायचो, तीही सुधारत आली. आता आम्ही सावल्या बघतो, हातातल्या वस्तू बघतो आणि गर्दीतले चेहरे बघतो. शिवाय डिटेक्टर नावाचं सॉफ्टवेअर आहे. चित्र त्यात टाकलं की एक पट्टी दिसते. हिरवी म्हणजे माणूस, लाल म्हणजे मशीन. ती किती खरी मानायची, तर वेधशाळेच्या अंदाजाइतकी. छत्री घ्यावी, पण लग्न पुढे ढकलू नये.

या चित्राची पट्टी लालभडक होती.

"आणि हे बघा," म्हणत निखिलने शेजारी दुसरं चित्र लावलं. विषय तोच, रापण. संध्याकाळचं सोनेरी आभाळ, घामाने चमकणारे दंड, प्रत्येकाचा चेहरा वेगळा, प्रत्येकाला पाच बोटं. पट्टी हिरवी. हे चित्र आधीच होमपेजवर झळकत होतं. "असं असतं खरं चित्र. सगळं क्लीन."

रापण म्हणजे काय ते घाटावरच्या वाचकांसाठी सांगते. होडीने समुद्रात अर्धवर्तुळ घेत जाळं सोडायचं आणि त्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावर आणायची. मग दोन रांगांत माणसं उभी राहून दोर ओढतात आणि जाळं वाळूवर घेतात. हे मला माहीत होतं ते मालवणच्या रस्त्यावरून जाताना बघितलं तेवढंच. मी कुडाळची. आमच्याकडे मासे टोपलीतून येतात. ते त्याआधी समुद्रात असतात, हे आम्ही ऐकून आहोत.

चित्र प्रमिला मेतर यांचं होतं. आचऱ्याजवळच्या एका वाडीत राहतात, चार खोल्यांचं होमस्टे चालवतात, दुपारी पाहुणे झोपले की चित्रं काढतात. त्यांची चित्रं आमच्या पुण्यातल्या प्रदर्शनासाठी निवडली गेली होती. रिजेक्टचा शिक्का बसला की नुसतं एक चित्र जात नाही. चित्रकाराचं वेबसाइटवरचं अख्खं दुकान बंद होतं, प्रदर्शनातून नाव जातं आणि त्या नावाने पुन्हा दुकान उघडता येत नाही. 'हिने मशीनची चित्रं स्वतःची म्हणून विकली' हे कायमचं कपाळावर. पुसायला काही सोय नाही.

"मला शुक्रवारपर्यंत वेळ दे," मी म्हटलं.

"मॅडम, ओपन अँड शट आहे हो."

"मग शुक्रवारीही शटच असेल. तुझं काय जातं?"

तो हसला आणि बरं म्हणाला, फक्त तोवर त्यांचं दुकान थांबवून ठेवलं. मुलगा वाईट नाही, घाईत असतो एवढंच.

मी प्रमिलाताईंना फोन लावला. नियमाप्रमाणे आधी 'प्रोसेस प्रूफ' मागायचं असतं. चित्र काढतानाचा व्हिडिओ, किंवा अर्धवट चित्राचे फोटो. मी ऑफिसच्या मराठीत गोड बोलून विचारलं.

"चित्र काढतंय तेवा हातात ब्रश आसता," पलीकडून उत्तर आलं. "फोन खंय धरू, तोंडात?"

"मग अर्धवट चित्राचे फोटो असतील एखादे?"

"अर्ध्या चित्राचो फोटो कोण काढता? अर्ध्या जेवणाचो काढतास तुमी?"

मी म्हटलं, हल्ली लोक तोही काढतात. त्यांना विनोद आवडला नाही.

"माका एक सांगा. मी काय चोर आसंय काय?"

मी नाही म्हटलं, पण माझं नाही मलाच पोकळ वाटलं. फोन ठेवल्यावर पुन्हा ते चित्र उघडून बसले. खरं सांगते, मला ते चित्र खरं असावंसं वाटत होतं. आणि आमच्या कामात याच्याइतकं घातक काही नाही. ज्याला जे हवं तेच त्याला दिसतं. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच निघाले. कुडाळहून मालवण, मालवणहून आचऱ्याची एसटी. मग रिक्षा, आणि शेवटी माडांमधून चालत.

प्रमिलाताई पडवीत कोळंबी सोलत होत्या. बांधा सडपातळ, नजर धारदार. मला बघून उठल्या नाहीत. "पुण्यासून इलात?"

"नाय हो, कुडाळची मी," मी म्हटलं, तेव्हा कुठे त्यांनी खुर्ची पुढे सरकवली.

चित्र आतल्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवलं होतं. मी पिशवीतून माझं जुनं भिंग काढलं. छापखान्यात त्याला लूप म्हणायचे. हल्ली एक फसवणूक चालते. एआयच्या चित्राची कॅनव्हासवर प्रिंट काढायची आणि वरून थोडा ब्रश फिरवायचा. लांबून हुबेहूब हातचं वाटतं. पण प्रिंट कितीही भारी असली तरी लूपखाली तिचे बारीक ठिपके दिसतात. खऱ्या रंगाला ठिपके नसतात, साय असते.

मी कोपऱ्यापासून सुरुवात केली. ठिपके नव्हते. रंगाखाली पेन्सिलीची रेघ होती, एका ठिकाणी ती बदललेलीही होती. समुद्राच्या निळ्यात वाळूचे कण चिकटून बसले होते, कारण बाई पडवीत रंगवतात आणि वारा त्यांना विचारून येत नाही. माझ्या मानेवरचं ओझं अर्धं उतरलं. मी तिथूनच फोटो काढून निखिलला पाठवले.

त्याचा लगेच फोन. "ओके, हाताने रंगवलंय. मान्य. पण मॅडम, डिझाइन कुणाचं? एआयकडून चित्र काढून घ्यायचं आणि ते बघून रंगवायचं, असेही लोक आहेत. आपल्या नियमात तेही बसत नाही. तो माणूस दोनदा का आहे, ह्याचं उत्तर द्या. मी लगेच ओपन करतो दुकान."

त्याचं बरोबर होतं, हीच पंचाईत होती. मी प्रमिलाताईंना चित्रापाशी बोलावलं.

"हे हिरव्या शर्टवाले कोण?"

"बाबुलो. माजो दीर."

"आणि हे पाण्याकडचे?"

"बाबुलोच. दिसना नाय तुमका?"

"तोच माणूस दोनदा का काढलात?"

"मगे काय वेगळो आणूचो? आमच्या रापणीत माणसां तीच आसतत."

"तीच असतात हो, पण एकाच वेळी दोन ठिकाणी कशी असतील?"

"एकाच वेळी कोण म्हणता? रापण काय एका वेळात येता? सकाळ जाता ओढूक."

मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, जरा मोठ्याने, बहिऱ्याला सांगतात तसं. मला उत्तर हवं होतं आणि त्या ते देत होत्या. फक्त दोघींना एकमेकींचं कळत नव्हतं. शेवटी त्यांचा आवाज चिरकला.

"वाडीत सगळ्यांका सांगान ठेवलंय की आपली रापण पुण्याक जातली. बाबुल्यान मुंबयच्या सोयऱ्यांका फोन केल्यान. आता मी काय सांगू? चित्र खोटा आसा म्हणान? माजा नाव खराब जातला बाय."

उत्तर नसताना धीर देणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात बसून त्याच्याच घरचा पेढा त्याला देणं. मी भिंग पिशवीत ठेवलं.

तेवढ्यात बाहेरून कोणीतरी हाळी दिली. प्रमिलाताईंनी पदर खोचला. "रापण लागली. माका जावक व्हया." डोळे पुसले आणि निघाल्यासुद्धा. मी बसून काय करणार, मागोमाग गेले.

किनाऱ्यावर चित्रच उभं होतं. दोन रांगा, मध्ये बरंच अंतर, दोर पाण्यात गेलेले. माणसं समुद्राकडे तोंड करून दोर धरायची आणि पाठमोरी मागे मागे सरकायची. बायका होत्या, पुरुष होते, दोन पर्यटकही हौसेने लागले होते. मी बाजूला उभी राहून चपलेतली वाळू झटकत होते. रांगेतल्या एका म्हाताऱ्याने मला बघितलं.

"बाय, उबी कित्याक रवलस? हात लाय. हात लायलो काय वाटो."

ही तिथली रीत. दोराला हात लावला की मासळीत वाटा मिळतो, मग तुम्ही गावचे असा की कुडाळचे. वाट्याचं नाव काढल्यावर मी मागे राहणाऱ्यातली नाही. चपला काढल्या, पाण्याजवळ जाऊन दोर धरला.

दोर जड असतो हे सांगून कळत नाही. ओला, खरखरीत, आणि पलीकडे अख्खा समुद्र आपल्याला नको म्हणतोय असं वाटतं. सगळ्यांबरोबर मीही मागे सरकायला लागले. एक पाऊल, आणखी एक पाऊल. पुढची माणसं, मागची माणसं, सगळी एका लयीत. सरकत सरकत मी वर कोरड्या वाळूपर्यंत आले. तिथे एक जण आलेला दोर गुंडाळून ठेवत होता. माझी पाठ जवळजवळ त्याला लागली.

"सोडा आता," तो म्हणाला. "फुडे जावा."

"खंय?"

"पाण्याकडे. परत धरा."

मी दोर सोडला. सगळे मागे येत होते आणि मी हात मोकळे सोडून त्यांच्या उलट दिशेला, पाण्याकडे चालायला लागले. अर्ध्या वाटेत माझे पाय थांबले.

चित्रातला तो बाजारात निघालेला माणूस म्हणजे मी होते.

मी वळून बघितलं. गुंडाळलेल्या दोराजवळ हिरव्या चौकड्यांचा शर्ट आणि सुटलेलं पोट. बाबुलो. चित्रात जसा, तसाच. त्याने दोर सोडला, माझ्या बाजूने चालत गेला, पाण्यात गुडघाभर शिरला आणि सगळ्यात पुढे पुन्हा दोर धरला. मघाशी मागे होता, आता पुढे. मग पिवळ्या लुगड्यातली बाई आली. मग म्हातारा. माणसं दोराबरोबर मागे येतात आणि मोकळ्या हातांनी पुढे जातात. रांग हलत नाही, माणसं फिरत राहतात. रहाटाची मडकी फिरतात तशी. म्हणून थोडीशी माणसं एवढं मोठं जाळं ओढू शकतात.

प्रमिलाताईंनी एका क्षणाचं चित्र काढलंच नव्हतं. त्यांनी अख्खी सकाळ काढली होती. बाबुलो मागे होता तेही खरं आणि पुढे होता तेही खरं. फोटो बघायची सवय लागलेल्या आम्हा लोकांनी ठरवून टाकलं होतं की चित्र म्हणजे एकच क्षण. तसा नियम चित्रकारांवर कोणी घातलेला नाही.

मला एवढं हलकं वाटलं की मी तिथेच, पाण्यात उभी राहून हसायला लागले. शेजारच्या बाईला वाटलं माझ्या पायाला खेकडा चावला. प्रमिलाताई पुढे दोर धरून होत्या. मी त्यांच्या मागे जाऊन धरला. ऑफिसची मराठी केव्हाच सुटली होती.

"प्रमिलाताय, ह्या तुमी माका आदी कित्याक नाय सांगलात?"

"काय ता?"

"माणसां परत फुडे येतत ता."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. बाईचं डोकं ठिकाणावर आहे ना, अशी ती नजर. "ता काय सांगूचा आसता?"

बरोबरच होतं. पायऱ्या चढताना पाय आळीपाळीने टाकायचे, हे मी कुणाला सांगितलं असतं का?

आमच्या रांगेचा दोर संपेपर्यंत मी ओढला. मग फोन काढून निखिलला व्हिडिओ कॉल लावला आणि बाबुलोवर कॅमेरा धरला. दुसरी रांग अजून ओढत होती, तिकडे तो मदतीला गेला होता. मागे येताना, दोर सोडताना, चालत पुढे जाताना, पुन्हा धरताना.

"मॅडम," शेवटी निखिल म्हणाला, "तो माणूस परत आला."

"हो."

"म्हणजे तो खरंच दोनदा आहे."

"अरे, सकाळपासून कितीदा आहे ते त्याचं त्यालाच माहीत. प्रमिलाताईंनी दोनदाच काढला म्हणून आभार मान."

बाबुलोने फोनवरचं चित्र बघायला मागितलं. निरखून बघितलं. "माजा पोट जास्त दाखयल्यान," त्याने तक्रार केली.

"आसा तसाच काढलंय," प्रमिलाताई म्हणाल्या. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा हसताना बघितलं.

निखिलला मी म्हटलं, आता तुझं ते क्लीन चित्र उघड. त्याने उघडलं. सोनेरी आभाळ, चमकणारे दंड, पाच बोटं. आणि एकाच लांब दोराला लागलेल्या दोन टोळ्या, एकमेकींकडे तोंड करून, दोन्हीकडून ओढताहेत. समुद्र मागे, शोभेला.

"हे काय आहे सांग."

त्याने चित्र मोठं करून बघितलं. मग हळूच म्हणाला, "रस्सीखेच."

मशीनने दोर बघितला होता, ओढणारी माणसं बघितली होती, आणि शाळेच्या स्नेहसंमेलनाचे फोटो त्याने जास्त पचवले असणार. एकही चेहरा दोनदा नव्हता. एकही बोट चुकलं नव्हतं. पण त्या दोराला जाळंच नव्हतं. जन्मभर ओढलं असतं तरी एक बांगडा हाती लागला नसता. आम्ही रंग, बोटं, सावल्या बघत बसलो होतो. चित्रातलं काम होईल का, हे कोणी बघितलंच नव्हतं. निखिलने त्या विक्रेत्याकडे प्रोसेस प्रूफ मागितलं. उत्तर आलं नाही, आणि संध्याकाळपर्यंत त्याने आपलं दुकान स्वतःच बंद करून टाकलं.

प्रमिलाताईंचं दुकान त्याआधीच उघडलं होतं. मला वाट्याचे बांगडे मिळाले. मी आढेवेढे घेतले तर म्हातारा रागावला. वाटा घ्यायचा नसेल तर दोराला हात का लावलास, असं त्याचं म्हणणं. पिशवी घेऊन एसटीत बसले. आजूबाजूच्यांनी नाकाला रुमाल लावला असेल, मला पर्वा नव्हती. एवढ्या आनंदाने मी कामावरून क्वचितच घरी आले असेन.

प्रदर्शनात ते चित्र दारासमोरच लागलं. निखिलला खाली चिठ्ठी लावायची होती, माणसं दोनदा का आहेत ते समजावणारी. प्रमिलाताईंनी नको म्हणून सांगितलं. इचारतीत तेंका सांगा, म्हणाल्या. लोकांनी विचारलं आणि निखिल हातवारे करून, मागे सरकून दाखवत सांगत राहिला. आपणच लहानपणापासून रापण ओढत आलोय, असा त्याचा थाट होता.

आता आमच्या वेबसाइटवर तपासलेल्या चित्राखाली 'मानवनिर्मित' असा बिल्ला लागतो. तो लागला त्या दिवशी मला प्रमिलाताईंचा व्हॉइस मेसेज आला. मागे भांड्यांचा आवाज आणि नवऱ्याचं हसणं होतं.

"बाय गो, माका माणूस आसल्याचा सर्टिफिकेट गावला. घोवाक दाखयलंय. तो म्हणता, माका इतकी वर्सां संशय होतो."

पुढे निखिलने नव्या रिव्ह्यूअरसाठी चार ओळींत सूचना लिहून मागितल्या. चार ओळी मला सुचल्या नाहीत, एकच लिहून दिली. चित्रात चूक दिसली, तर शिक्का मारण्याआधी ती चूक स्वतः करून बघावी.

त्याचा उलट प्रश्न आला, "आणि सहा बोटं दिसली तर, मॅडम?"

मी कळवलं, "ते मात्र तूच करून बघ."